साबच्या कुलपात अक्षता

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मोहनकाकांनी यंदा ठरवलं, दसऱ्याला गाडीची पूजा आपल्याच हाताने करायची. साधं ठरवणं हो, पण पुढे काय झालं ते ऐका.

गाडी म्हणजे त्यांची लाल साब. स्वीडनची. "विमानं करणाऱ्यांनी काढलेली गाडी आहे," असं काका ज्याला-त्याला सांगत (पार्सल टाकायला आलेल्यालाही). कंपनी कधीच बंद पडली. एकेक पार्ट मिळवायला काका महिनोन् महिने कंप्युटरपुढे बसत. एक पंप तर नॉर्वेहून आला. काकांनी तो सोफ्यावर ठेवला आणि स्वतः खाली बसले.

गराजात ही साब, त्यामुळे शरयूकाकूंची गाडी मात्र पंधरा हिवाळे बाहेर बर्फात. त्यांनी दसऱ्याच्या सकाळी निकाल दिला. "आज जुन्या गाड्यांचा मेळावा आहे ना? तिथे ही स्वतःच्या चाकांनी गेली तर गराज तिचं. नाही तर उद्या तो जुन्या गाड्या मोडीत घेणारा राजेश तिला घेऊन जाईल."

"तिथपर्यंत काय, शिकागोला नेईन," काका म्हणाले.

हार झाला, नारळ झाला. आता या गाडीची किल्ली इतरांसारखी स्टिअरिंगपाशी नाही, दोन सीटच्या मधे, खाली. काकांनी ती काढून ताम्हनात ठेवली. मग त्यांना वाटलं, गाडीचा प्राण तर इथेच. वाहिल्या की मूठभर ओल्या अक्षता, थेट त्या भोकावर.

किल्ली अर्धी गेली आणि थांबली.

काकांनी ढकललं, फुंकर मारली, गाडीला चुचकारलं.

"राजेशला फोन लावू?" दारातून काकू.

"अगं, जरा... देव आत गेलाय."

काकू आल्या, वाकून बघितलं. "देव नाही, बासमती आहे." घरातून व्हॅक्युम आणला, त्याच्या तोंडाला सरबताची नळी चिकटटेपने बसवली, आणि एकेक दाणा टकटक वाजत वर गेला. सात दाणे. काकांनी किल्ली फिरवली. साब खाकरली आणि सुरू झाली.

सगळ्या गल्लीतून हार मिरवत दोघं मेळाव्याला पोचली. गराज जिंकलं होतं. काका बॉनेटपाशी छाती काढून उभे राहिले, "विमानं करणाऱ्यांनी..." असं सुरू करणार, तोच काकूंनी सकाळची हकीगत सांगितली. म्हातारे गोरे हसून हसून वाकले. मग एकाने अदबीने विचारलं, "मॅडम, माझ्याही गाडीची किल्ली अडकते. जरा बघता?"

काकूंनी पर्स काकांच्या हातात दिली आणि गेल्या. त्यांच्यामागे सहा जण.

पर्स सांभाळत काका एकटे उभे राहिले. शेजारच्या गाडीवाल्याला त्यांची दया आली.

"कंटाळलात का?" तो म्हणाला. "आमच्या मिसेसलासुद्धा गाड्यांतलं काही कळत नाही."