आधी फुकटचं बघा

कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून डिझेल इंजिन खोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भालेराव मिस्त्री. बाकीचे मेकॅनिक संध्याकाळी काजळाच्या डबीत पडून आल्यासारखे दिसायचे. हे सकाळी यायचे तसेच बोपोडीला परत जायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "डाग पडला म्हणजे घाई झाली. घाई झाली म्हणजे काहीतरी बघायचं राहिलं."

मी मनातल्या मनात हसले. तेव्हा मी सगळ्यांनाच मनातल्या मनात हसत असे.

आता मी आजी आहे आणि नातवंडांना सांगते की मी एका मोठ्या कंपनीत अधिकारी होते. कंपनी म्हणजे खराडीतलं एक पत्र्याचं ऑफिस, आमचे कंत्राटदार साहेब आणि कुठल्याशा धरणाच्या कामावरून लिलावात घेतलेले तीन म्हातारे डोझर. आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहायच्या होत्या. त्यांच्या जमिनी आम्ही सपाट करून द्यायचो. आणि अधिकारी म्हणजे मी. वय सदतीस, राहणार नारायण पेठ, तीन महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास. एवढ्याशा भांडवलावर माणसाला केवढा ताठा चढू शकतो, याचा मी चालताबोलता नमुना होते. मशिनं बिघडतात ती केवळ प्रिंटआउट नसल्यामुळे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

भालेरावांचा कागदावर विश्वासच नव्हता. ऑफिसच्या खिडकीत ते काचेच्या बाटल्या मांडून ठेवायचे, प्रत्येकीत एकेका डोझरच्या टाकीतलं डिझेल. तळाशी पाणी बसतंय का ते बघायचं. एकदा साहेबांच्या मेहुण्यांनी त्यातली एक बाटली पन्हं समजून तोंडाला लावली. ते बिचारे थुंकत बाहेर पळाले. भालेरावांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "आता परत पहिल्यापासून. गाळ हलला."

इंजिन अडखळायला लागलं की ते इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करत आणि कान देत. जो नट सैल केल्यावर आवाज बदलला नाही, तो सिलिंडर झोपलेला. पण ही पुढची गोष्ट. त्याआधी टाकी, नळ्या, जाळी, कुठे हवा शिरलीय का, सगळं हाताने चाचपून होई. "आधी फुकटचं बघायचं, मग विकतचं," हे त्यांचं ब्रीद. कोणी मागे लागलं की मान वर न करता विचारायचे, "घाई कोणाला आहे? मशीनला, की तुम्हाला?"

कम्प्युटरमध्ये भरायला म्हणून मी त्यांच्याकडे त्यांची पद्धत लेखी मागितली. ते म्हणाले, "लिहा. बघावे." मी तसं टाइप केलं आणि पुढे काय, म्हणून थांबले. पुढे काही नव्हतं.

मग मी स्वतःच नियम केले. बारा. छापून, प्लॅस्टिकच्या आवरणात घालून, प्रत्येक डोझरवर चिकटवले. पहिला नियम: मशीन बंद पडल्यास प्रथम टाकीतील डिझेल काठीने मोजावे. सातवा माझा लाडका: डिझेलमध्ये धूळ जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावर जाड प्लॅस्टिकची पिशवी सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधावी. बंगलोरहून पाहुणे साइट बघायला आले होते, त्यांच्या देखत साहेब मला "वा" म्हणाले. भालेराव तेव्हा दुसऱ्या साइटवर होते. परत आल्यावर त्यांनी तो कागद लांबूनच पाहिला आणि मशीनला वाचता येतं का, एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात सगळ्यात मोठ्या डोझरला नवा आजार जडला. तास-दीड तास काम करायचा, मग धापा टाकत बंद. ड्रायव्हर बबन भालेरावांना बोलावून आणायचा. ते येऊन बघतात तर डोझर ठणठणीत.

"आत्ताच बंद पडला हुता, मिस्त्री. आता चालू हाय."

भालेराव सगळं फुकटचं बघून दमले. मी विकतचं सुरू केलं. नवा फिल्टर आणला, नंतर अख्खा डिझेल पंप काढून वर्कशॉपला धाडला. आजार तसाच. तेव्हा मी साहेबांना एक पानभर टाइप करून दिलं: भालेरावांचं वय झालं, ते अंदाजाने काम करतात, आता शिकलेला इंजिनिअर नेमावा. 'अंदाजाने' हा शब्द ठळक केला होता.

साहेबांनी भालेरावांना बोलावून सांगितलं, शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर एक तारखेपासून येऊ नका. भालेराव "बरं" म्हणाले. त्यांच्या वयाच्या मिस्त्रीला आणि त्या वयाच्या इंजिनाला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

शुक्रवारी ते सकाळपासून बबनच्या शेजारी डोझरवरच बसले. दुपारी मीही तिथे गेले. खरं सांगायचं तर गंमत बघायला. डोझरने धापा टाकल्या आणि तो बंद पडला. बबन सवयीने काठी घेऊन उठला, तसा भालेरावांनी त्याचा हात धरला.

"आज काही मोजायचं नाही."

ते स्वतः टाकीपाशी गेले. ट्यूब सोडली, पिशवी काढली आणि झाकण हळूच सैल केलं. टाकीने श्वास घेतला. पाण्यात बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा, लांबलचक. झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. डिझेल कमी होईल तशी त्यातून हवा आत जावी लागते. माझ्या पिशवीने ते भोक बंद केलं होतं. इंजिन बिचारं बंद डब्यातून डिझेल ओढता ओढता थकत होतं. आणि माझ्याच पहिल्या नियमाने बबन रोज मोजायला म्हणून झाकण उघडून, भालेराव यायच्या आत, दोष पुसून टाकत होता.

भालेरावांनी बबनकडे पाहिलं. बबनने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. भालेरावांनी पिशवीची चौकोनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. पांढऱ्या कापडावर डिझेलचा डाग पसरत गेला.

साहेब आले. काय होतं, म्हणून त्यांनी विचारलं.

"झाकणाचं भोक बुजलं होतं."

"भोक? आणि त्याला पंधरा दिवस?"

"हो. आधी तेच बघायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं बरोबरच होतं म्हणायचं. इंजिनिअरच बघू."

त्या वेळी तीन शब्द पुरले असते. पिशवी मी बांधली. पानभर टाइप करणाऱ्या बाईला तीन शब्द सुचले नाहीत. ऊन फार आहे, असं काहीसं पुटपुटून मी ऑफिसात गेले. एक तारखेला भालेराव आले नाहीत.

दोन महिन्यांनी पत्ता शोधत मी बोपोडीला गेले. एक खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, एकच खुर्ची. ती मला देऊन ते खाटेवर बसले. बायको जाऊन खूप वर्षं झाली होती, लेक नाशिकला दिलेली. मी एका दमात सांगून टाकलं की पिशवी माझीच होती.

"माहीत आहे, बाई."

मग तेव्हा बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"त्या डोझरच्या पोटात धूळ जाईल, अशी काळजी आजवर कोणी केली नव्हती. तुम्ही केलीत. चुकीची केलीत, पण केलीत. म्हटलं, आपण गेलो तरी असं एक माणूस त्याच्यापाशी राहू दे."

डोझरच्या पोटात धूळ गेली काय नि दगड गेले काय, मला काही देणंघेणं नव्हतं. मला पाहुण्यांसमोरची ती "वा" हवी होती. हे अगदी ओठांवर आलं होतं. तोवर ते चहा टाकायला उठले आणि पाठमोरेच म्हणाले, "येत जा अधूनमधून. इंजिनाचं बोलायला इथे कोणी नसतं."

मी हो म्हटलं. कबुली द्यायला गेलेली बाई शाबासकी घेऊन घरी आली. पुन्हा गेले असते तर उरलेलंही सांगावं लागलं असतं.

मी गेले नाही.