कोंडवाड्यातलं छप्पर

वादळात उडालेली पाजवे गावची छपरं आठवड्याभराने वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर चरताना सापडली, आणि मोकाट जनावरांच्या नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीने ती कोंडवाड्यात घातली.

यात पंचायतीचं काही चुकलं नाही. छपरं लोकांच्या नाचणीच्या रोपात शिरली होती. वळचण खाली करून कोवळा पाला खात होती, आणि एक पत्र्याचं तर शाळेतून येणाऱ्या मास्तरांना वाट देईना. शेवटी ग्रामसेवक टेमकर भाऊसाहेबांनी दवंडी दिली. मालकाने स्वतः यावं, हाक मारावी, आणि हाकेला येईल ते छप्पर घरी न्यावं.

लोक गेले. ज्यांनी दरवर्षी मे महिन्यात वर चढून नेमाने घर शाकारलं होतं, त्यांची छपरं हाकेसरशी उठून मागे चालू लागली. आळशांना दोरी लावून ओढावं लागलं. छपराला माया कळते, हे आमच्या गावाला तेव्हा समजलं. तोवर आम्ही त्याला फक्त गळतं म्हणून शिव्या घालत होतो.

जनाबाई भुवडचं छप्पर मात्र जागचं हलेना. तिचं घर शाकारायचा तिचा नवरा अर्जुन. फुटकी कौलं बदलता बदलता तो छपराशी गप्पा मारायचा. तो शिमग्याच्या आधी वारला, आणि छप्पर अजून त्याच्याच हाकेची वाट बघत होतं. इकडे जनाबाईची लेक वनिता बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे दिवस भरले होते आणि वर नुसतं आभाळ.

जनाबाई कचेरीत गेली. "भाऊसाहेब, निदान ताडपत्री तरी द्या."

"ताडपत्री छप्पर गेलेल्यांना आहे. तुमचं सापडलंय."

"सापडलंय, पन डोक्यावर कुठं हाय?"

"डोक्यावर असावं असं परिपत्रकात नाही. सापडलेलं असावं, एवढंच आहे."

हे सांगताना भाऊसाहेबांनी छत्री धरली होती, कारण कचेरीचं छप्परही कोंडवाड्यातच होतं. त्याला सोडवायचं तर मालकाने हाक मारायला हवी. मालक पंचायत, आणि पंचायतीला तोंड नाही. तिच्या वतीने कोणी ओरडायचं हे सभेने ठरवायचं, आणि सभा छपराखालीच भरवावी असा जुना ठराव. भाऊसाहेबांना या सगळ्याचं मनापासून वाईट वाटायचं. माणूस चांगला होता, पण चांगुलपणा कोणत्या रकान्यात भरायचा हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

जनाबाई रोज केरसुणी घेऊन कोंडवाड्यात जाऊ लागली. आपल्या छपराची कौलं पुसायची, त्याला चुचकारायची, मग चिडायची. "चल रं बाबा. पोर अवघडलीय आपली. तो न्हाय येनार आता." छप्पर तिच्या हातचा पाला खायचं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायचं.

शेजारीच कचेरीचं छप्पर पडलेलं असे. त्याच्यावर शेवाळाचे थर, पन्हळीत कुजलेली पानं. बांधल्यापासून त्याला कोणाचा हात लागला नव्हता. जनाबाईला घाण बघवत नाही. "सरकारी झालं म्हनून काय असं ठेवायचं?" असं म्हणत तिने तेही झाडलं, फुटकी कौलं काढली, सरकलेली बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती आली की ते आढं उचलून बघायचं.

एका दुपारी आभाळ फाटलं आणि वनिताला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, पोर भिजली तर माझ्या हातात काही नाही. जनाबाई धावत कोंडवाड्यात गेली आणि फाटकातूनच ओरडली, "अरे, चला रं कुनीतरी!"

तिचं छप्पर बसून राहिलं. कचेरीचं उठलं.

ते फाटक ढकलून बाहेर पडलं, पाखाडीच्या पायऱ्या जपून उतरलं आणि जनाबाईच्या चार भिंतींवर जाऊन बसलं. दोन्ही बाजूंना बरंच बाहेर आलं, पण बसलं. संध्याकाळी त्याच्याखाली मुलगी झाली, कोरडी ठणठणीत. सगळी वाडी आनंदाने रडली. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

सकाळी भाऊसाहेब दारात उभे. छत्री उलटी झालेली, दप्तर पोटाशी धरलेलं.

"नेताव की काय छप्पर?" जनाबाईने विचारलं.

"मला नेता येणार नाही. ते हाकेला आलंय, म्हणजे नियमाने तुमचंच." त्यांनी दप्तर सावरलं. "मी रात्रीच तालुक्याला कचेरीसाठी ताडपत्री मागितली."

"मग?"

"छप्पर सापडलंय, म्हणाले."

"पन डोक्यावर न्हाय, सांगितलंव का?"

भाऊसाहेब उलटी छत्री सरळ करू लागले. त्यांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. जनाबाईने त्यांच्याकडे अगदी पोटभर बघून घेतलं.

"या आत. पाय पुसून या, घरात बाळंतीण हाय."

तेव्हापासून आमची ग्रामपंचायत जनाबाईच्या घराच्या ओटीवर चालते. सभा हळू आवाजात होतात, आणि मूल झोपलं असेल तर ठराव हात वर करूनच मंजूर होतात. कामं पूर्वीपेक्षा लवकर उरकतात, असं लोक म्हणतात.

तिचं स्वतःचं छप्पर अजून कोंडवाड्यात आहे. रोज सकाळी ती त्याला पाला घालते आणि अर्जुनसारखी हाक मारून बघते. मग घरी येऊन कचेरी झाडते.