सातवी चिंधी

धारप बंदुकीला आंघोळ घालतात. हे मी अक्षरशः म्हणतोय. किटलीत पाणी तापवतात, बादलीत ओततात, तान्ह्या बाळाच्या पाण्यात बुडवावं तसं कोपर बुडवून पाहतात आणि मगच नळी पाण्यात सोडतात. वर तिला "चला, डोळे मिटा" असंही सांगतात.

बंदूक ठासणीची. म्हणजे तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधीत धरलेली शिशाची गोळी, आणि सगळं गजाने ठासायचं. जर्मनीत बॉबलिंगेनजवळच्या आमच्या गावात नेमबाजीचा जुना फेराइन, म्हणजे क्लब, आहे. दर रविवारी दुपारी तिथे वीसेक माणसं आवाज आणि धूर करतात. मराठी दोनच. आधी मी गेलो, मग धारपांना मी नेलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण क्लबात आता कुणाला ते आठवत नाही.

धारप माझ्याच ऑफिसात टेस्टिंगला आहेत. वय चोपन्न. त्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी आईच्या आजारपणासाठी साताऱ्याला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. आम्ही कुणी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. रिलीजच्या आदल्या दिवशी सगळे घामाघूम झालेले असताना हा गृहस्थ म्हणतो, "हो, हो, पण घाई काय आहे?"

रेंजवरही तेच. तेरा गोळ्या, अर्धा तास, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. मी एकवीस मिनिटांत मोकळा होतो. धारप मध्येच चष्मा पुसतात, गजाकडे टक लावून बसतात आणि एकोणतिसाव्या मिनिटाला शेवटची गोळी झाडतात. त्यांचे गुण एक्याण्णव. माझे चौऱ्याऐंशी. कप्तान हेर श्टायगर त्यांना 'माइस्टर', म्हणजे उस्ताद, म्हणतात. श्टायगरबाई प्लमच्या केकचा कडेचा खरपूस तुकडा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. मला मधला, ओलसर. मी मोजलंय, आठ रविवारांत आठ वेळा.

मे महिन्यात जिल्ह्याच्या सामन्यासाठी तिघांचा संघ निवडायचा होता. दोन नावं ठरलेली. तिसरी जागा माझी की धारपांची, हे पुढच्या चार रविवारांच्या सरासरीवर ठरणार होतं. ती जागा मला हवी होती. किती हवी होती, हे मी घरीही बोललो नाही.

त्याच सुमाराला क्लबात नेहमीच्या काळ्या दारूऐवजी वापरायची पर्यायी दारू आली. धूर कमी, वास कमी, नळी नुसत्या पाण्याने धुतली जाते. मी लगेच घेतली. प्रत्येक गोळीची दारू घरूनच छोट्या कुपीत भरून न्यायची असते. मी आजवर काळी दारू वजनकाट्यावर अडीच ग्रॅम घ्यायचो, हीही अडीच ग्रॅम घेतली. ती कुपीत मावेना. मग मी लांब कुप्या मागवल्या.

धारपांनी त्या लांब कुप्या पाहिल्या. "अहो आगाशे, ही हलकी असते. वजनाने नका घेऊ, मापाने घ्या. तांदूळ कसे घेतो आपण? वाटीने." ते स्वतः पितळेच्या मापाने भरत.

जो माझ्या जागेवर टपलाय, तो मला फुकट सल्ला कशाला देईल, असा मी विचार केला. आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घरात असताना मी वाटी का धरावी?

बंदूक खांद्यावर लाथा मारू लागली. गोळ्या वर जाऊ लागल्या. एकाहत्तर, एकोणसत्तर, त्र्याहत्तर. नळी भक्कम म्हणून निभावलं. चौथ्या रविवारी सकाळी डब्यावरची सूचना वाचली. धारप म्हणाले तेच, ठळक अक्षरांत. कुप्या मापाने भरल्या आणि त्र्याऐंशी मिळाले. पण सरासरी केव्हाच बुडाली होती. श्टायगरनी फळ्यावर धारपांचं नाव लिहिलं.

त्या दिवशी सगळे बंदुका पुसून गेले, मी थांबलो. माझी नळी चार चिंध्यांत साफ होते. धारप मात्र तासभर पुसत बसतात. नेमाचं गुपित तिथेच असणार, अशी माझी खात्री होती. मी समोर बसून मोजू लागलो. पहिली चिंधी काळीकुट्ट, तिसरी करडी, सहावीवर पुसटशी रेघ, सातवी पांढरी. झालं, म्हणून मी उठलो. धारपांनी गजाला आठवी लावली. पांढरी. नववी, पांढरी. अठरावीपर्यंत पांढऱ्याच.

"धारप, सातवीलाच साफ झाली होती."

"गेनाऊ, अगदी बरोबर. दर वेळी सातवीलाच होते."

"मग हे काय चाललंय?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. वैशाली, माझी बायको. कधी येताय, भात लावू का, हा तिचा नेहमीचा प्रश्न. नेहमीसारखाच वैतागून मी पाच मिनिटांत सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

धारपांनी एकोणिसावी चिंधी गजावर चढवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा तुमचा फोन दर रविवारी सहाला येतो. तुम्ही बाहेर गाडीत सामान ठेवत असता. खिडकीतून ऐकू येतं. तोवर पुरवतो मी चिंध्या. बरं वाटतं. कुणाला तरी भाताची घाई आहे."

मी फोन परत लावला. वैशालीने विचारलं, किती लावू?

"एक वाटी जास्त लाव."

धारपांनी एकोणिसावी चिंधी गजावरून काढली, घडी घातली आणि न वापरताच डब्यात ठेवली.