मास्तरांनी न खाल्लेला पाव

शिंपी मास्तर परदेशात लेकीकडे उतरले, तेव्हा त्यांच्या बॅगेत चार सदरे, एक जाड कोट, सुईदोऱ्याचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. गोड बंद, भात बंद, बटाटा बंद आणि पावाकडे तर बघायचंही नाही, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. लेकीचं घर नेमकं बेकरीच्या वर होतं.

त्यात कोणाचा दोष नव्हता. लेकीने लग्न केलं ते बेकरीवाल्याच्या मुलाशी. व्याह्यांनी तीस वर्षांपूर्वी या गावात येऊन भट्टी घातली, ती अजून विझली नव्हती. पहाटे वास निघायचा तो जिन्याने वर येऊन थेट मास्तरांच्या उशीपाशी बसायचा.

लेक दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला होती. तिच्यापुढे थापा चालत नसत, कारण ती माणसाला विचारायचीच नाही, त्याच्या रक्ताला विचारायची. पहिल्याच संध्याकाळी तिने बापापुढे उकडलेली अंडी आणि काकडी ठेवली आणि अट सांगितली.

"महिन्याने तुमचं रक्त तपासणार. साखर उतरली तर खुशाल घरी जा. नाही उतरली तर तिकीट रद्द. मग इथेच राहायचं, माझ्या डोळ्यांसमोर."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं झालं असतं. ऐकलं तरी असतं."

मास्तरांनी मुकाट्याने काकडी उचलली. त्यांना घरी जायचं होतं. बायको जाऊन अकरा महिने झाले होते. घरी तिच्याशी मोठ्याने बोललं तर कोणी वळून बघत नसे. इथे दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आरशासमोर "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" म्हणाले आणि जावई तोंडात ब्रश धरून दारात उभा राहिला. बिचाऱ्याने चष्मा शोधून दिला. ते मास्तरांना जास्तच लागलं.

त्याच सकाळी सहाला खालून बोलावणं आलं.

बेकरीचा एक नियम होता. पहिल्या घाण्यातला पाव घरातल्या माणसाने खाऊन पसंत केल्याशिवाय दुकानाचं शटर वर जात नसे. इतकी वर्षं हे काम व्याह्यांनी कोणाला करू दिलं नव्हतं, पोटच्या मुलालासुद्धा नाही. पण त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुसली, मास्तरांना बसवलं आणि गरम पावाचे चार जाड तुकडे बशीत घालून पुढे ठेवले. आजपासून हा मान पाहुण्याचा, असं त्यांनी जाहीर केलं. व्याही भट्टीमागच्या खोलीत राहत, दुपारी झोपत आणि वेगळ्या वेळी जेवत, त्यामुळे वरच्या मजल्यावरचं पथ्य खाली पोचलंच नव्हतं.

मास्तरांनी तोंड उघडलं ते नाही म्हणायला. पण समोर पांढऱ्या भुवयांचा माणूस हातातला टॉवेल पिळत असा उभा होता, जणू परीक्षेचा निकाल ऐकायला आलाय. मुलीच्या सासऱ्याला पहिल्याच सकाळी नाही कसं म्हणायचं? चाळीस वर्षं मास्तरांनी लोकांचे कपडे शिवले होते. बेढब माणसालाही "तुम्हाला छान दिसतंय" म्हणायची त्यांच्या जिभेला सवय होती. व्याही भट्टीकडे वळले तेवढ्यात तुकडे कोटाच्या खिशात गेले.

"झकास," मास्तर म्हणाले.

"मीठ?"

"अगदी बेताचं."

व्याह्यांनी असा सुस्कारा सोडला की मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. शटर खडखडत वर गेलं.

कोटाचे खिसे लहान होते आणि कोपरे बाहेर डोकावत होते. पण शिंप्याला खिशाची काय ददात? दुपारी लेक कामावर असताना मास्तरांनी कोटाच्या आत अस्तराचा एक चोरखिसा शिवला. दुहेरी टीप, तोंडाला झडप, खोली हातभर. आयुष्यात शिवलेल्या खिशांत हा सगळ्यात चांगला झाला, आणि तो कोणाला दाखवायची सोय नव्हती.

मग रोजचा क्रम पडला. सहाला बशी, खिसा, झकास. सातला मास्तर फिरायला निघत. गावाच्या दुसऱ्या टोकाला, अर्ध्या तासावर, एक तळं होतं आणि तळ्यात बदकं. पाव तिथे जायचा. आठवड्याभरात बदकं मास्तरांना ओळखू लागली. दोन आठवड्यांनी ती तळ्यातून बाहेर येऊन रस्त्यावरच वाट बघू लागली. समोरून पोस्टमन आला तर त्याने सायकलवरून उतरून मास्तरांना आणि मागच्या अकरा बदकांना आधी जाऊ दिलं.

इकडे व्याह्यांचा उत्साह वाढत चालला. बशी रोज रिकामी होते म्हटल्यावर चाराचे सहा तुकडे झाले, सहाचे आठ. मास्तरांनी चोरखिसा उसवून मोठा केला. लेकीला एवढंच दिसत होतं की बाबा रोज तासभर चालतात, अंडी-भाजी निमूट खातात आणि तरी छातीपाशी जाड दिसतात. थंडी वाजते म्हणून आत स्वेटर घालतो, असं त्यांनी सांगितलं.

चौथ्या आठवड्यात जावई एका रात्रीसाठी मैद्याची पोती आणायला बाहेरगावी गेला. पीठ एरवी तो रात्रीच मळून वर झोपायला जायचा, त्यामुळे सकाळची बशी त्याने कधी पाहिली नव्हती. आता व्याह्यांनी बाह्या सरसावल्या. सकाळी मास्तर खाली गेले तर व्याही घामाघूम, पण खूश. त्यांनी बशी ठेवली आणि नेहमीपेक्षा जरा जवळ उभे राहिले.

"आज सगळं माझ्या हातचं आहे. नीट सांगा हां, मास्तर."

"झकास," मास्तरांनी त्यांची पाठ वळताच खिसा भरून सांगितलं.

"मीठ?"

"बेताचं."

तळ्यावर मात्र विचित्र प्रकार झाला. बदकांनी तुकडे उचलले, टाकून दिले आणि लांब जाऊन पाण्यात चोची खुपसल्या. एक म्हातारं बदक तर मास्तरांकडे बघत राहिलं. रोजचं तेच तेच खाऊन कंटाळली असतील, असं समजून मास्तर परत फिरले.

बेकरीसमोर गर्दी होती. पोस्टमन होता, दोन घरं सोडून राहणारी आजी होती आणि सगळ्यांत पुढे शाळेच्या जेवणघरातली स्वयंपाकीण, दोन्ही काखांत पाव घेऊन. न्याहारीला पाव खाऊन शाळेतली सगळी पोरं नळाला रांग लावून उभी आहेत, असं तिचं म्हणणं होतं. आजीचं म्हणणं होतं की तिचा नवरा गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच खाताना बोलला, आणि जे बोलला ते सांगण्यासारखं नाही. जावई तेवढ्यात गाडी लावून आत आला होता. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि नळाकडे धावला. मीठ दोनदा पडलं होतं.

"बाबा, पसंत कोणी केला हा?" त्याने तोंड पुसत विचारलं.

व्याह्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "मास्तरांनी. झकास म्हणाले."

सगळे वळले. आदल्या रात्री रात्रपाळी होती, ती संपवून लेकही दारातच पोचली होती. "बाबांनी? पाव खाल्ला?" तिने विचारलं. आवाज हळू होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आयुष्यात कुठलेही कपडे बेतताना मास्तर असे अडकले नव्हते. खाल्ला म्हणावं तर पथ्य मोडलं, तिकीट गेलं. नाही खाल्ला म्हणावं तर लेकीच्या सासऱ्याला पंचवीस दिवस तोंडावर फसवलं. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं. म्हातारा नुसता उभा होता, त्याच्या हातात आज टॉवेलही नव्हता.

मास्तरांनी कोटाची बटणं काढली आणि चोरखिसा उलटा केला. चुरा भसाभस जमिनीवर पडला.

"एक घासही नाही खाल्ला," ते म्हणाले. "एका दिवशीही नाही. मला साखर आहे, व्याही. पहिल्या दिवशी सांगवलं नाही, मग रोज सांगायला उशीरच होत गेला."

 स्वयंपाकिणीने एक पाव हळूच गल्ल्यावर ठेवला. व्याही त्या चुऱ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय म्हणून जावई पुढे सरकला, तर ते हसत होते.

"अहो, मग आपण दोघंही गाढवच," ते डोळे पुसत म्हणाले. "हिवाळ्यात ताप आला ना मला, तेव्हापासून जिभेला चवच नाही. साखर टाका, माती टाका, सारखंच. या पोराला कळलं तर भट्टी काढून घेईल म्हणून गप्प बसलो. तुम्ही आलात, वाटलं देवच पावला. मी तुमच्या तोंडाकडे बघून दुकान उघडत होतो हो."

"आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून झकास म्हणत होतो."

जावयाने कपाळाला हात लावला. भट्टी कोणी काढून घेणार नव्हतं. बाप रोज रात्री शेजारी उभा राहून हुकूम सोडणार नसेल तर आपल्याला पीठ मळता येणार नाही, असं तो जरा रागानेच म्हणाला, आणि बापाला ते पुरलं. चव घ्यायचं काम त्या दिवसापासून आजीच्या नवऱ्याला मिळालं. तो खोटं बोलेल अशी भीती नव्हती.

महिना भरला. लेकीने रक्त घेतलं, दवाखान्यात नेलं आणि दुपारी कागद घेऊन आली. साखर उतरली होती, चांगली घसघशीत उतरली होती. व्याह्यांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, जावयाने बॅग माळ्यावरून काढून देतो म्हटलं. लेक "छान झालं, बाबा" म्हणाली, कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली आणि मग काहीतरी गॅसवर आहे म्हणून आत गेली.

मास्तर मागोमाग गेले. गॅसवर काही नव्हतं. ती नळ सोडून स्वच्छ भांडी घासत होती. आई गेल्यावरही तिने तेच केलं होतं.

"उतरली की साखर," मास्तर म्हणाले.

"हो ना. मला वाटलं होतं, बेकरीवर राहून तुम्हाला काही जमायचं नाही." तिने मागे वळून पाहिलं नाही. "अगदी खात्री होती."

 मास्तरांनी खुर्ची ओढली, टेबलावरचा पाव जवळ घेतला, एक बोटभर जाड काप कापला, त्याला लोणी लावलं आणि सावकाश, मिटक्या मारत, लेकीसमोर खाल्ला. नळ बंद झाला.

"बाबा! काय करताय?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा तपास," मास्तर म्हणाले. "तेव्हा बघू घरी जायचं."

ती ओल्या हातांनी समोर येऊन बसली. डोळे पुसायला हात कोरडा नव्हता म्हणून तिने खांद्यानेच पुसले.

"एका कापाने काही होत नाही," ती म्हणाली. "रिपोर्ट तस्साच येईल."

मास्तरांनी बशी पुढे सरकवली.

"मग अजून एक काप."