डब्याच्या मागचं ‘ऊ नये’

झाडाबद्दल मला कोणी काही शिकवू नये! पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, रोपानं पान कसं लववलं आहे ते बघून त्याच्या पोटात काय दुखतं ते मी बांधावरून सांगतो. आणि अक्षराबद्दल तर बोलायचंच नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी बाराखडी शिकून अख्ख्या तांड्यात पहिल्या नंबरानं पास झालेला माणूस मी! (परीक्षेला आम्ही दोघंच बसलो होतो आणि दुसऱ्याचा चष्मा फुटलेला होता. पण नंबर तो नंबर.)

तर मी हिरासिंग. साक्षरता वर्गातून बाहेर पडलो तेव्हापासून माझा हात काही स्वस्थ बसत नाही. आदल्या सालच्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून जो रंग उरला, त्यानं मी दारावर ‘दार’ लिहिलं, धान्याच्या कोठीवर ‘कोठी’ लिहिलं, गोठ्याच्या खांबावर ‘म्हैस’ लिहिलं. रुपीबाई, म्हणजे माझी बायको, कपाळ पुढं करून म्हणाली, “इथं ‘बायको’ लिहून टाका. चुकून दुसऱ्या घरी जासान!”

हे सगळं दोन हजार चार सालचं. हसण्यासारखं साल नव्हतं ते. मृगात थोडं पडलं, लोकांनी पेरलं आणि आभाळ पाठ फिरवून जे गेलं ते गेलंच. दुसऱ्यांदा पेरलं, तेही तव्यावरच्या तिळासारखं भाजून निघालं. लिंबाखाली माणसं बसत, पण बोलत नसत. एखादा खोकला तर बाकीचे त्याच्याकडे आशेनं बघत, की काही बातमी आहे का! माझा शेजारी खेमसिंग महिनाभर दाढी न करता ओट्यावर बसून होता, भिंतीला टेकवून ठेवलेल्या वखरासारखा. त्याची बायको लालीबाई एका दुपारी फवारणीच्या औषधाची बाटली पदराखाली घेऊन आमच्याकडे आली.

“वहिनी, हे तुमच्यापाशी ठेवा,” ती रुपीबाईला म्हणाली. “आमच्या घरात जागा नाई.”

दोन खोल्यांच्या घरात एका बाटलीला जागा नव्हती. रुपीबाईनं बाटली कोठीमागं ठेवली आणि लालीबाईला चहा दिला.

अशा दिवसांत आमच्या शाळेतल्या फरहा मॅडम मला शोधत आल्या. शाळा म्हणजे एक खोली, एक कपाट आणि चौदा पोरं. मॅडम पुसदहून रोज काळी-पिवळी जीपमध्ये अर्ध्या सीटवर बसून येत. नोकरी नवी आणि हंगामी, त्यामुळे कागदावर काही लिहायचं म्हटलं की त्या चारदा खोडत.

“काका, ‘झाड कसं जगतं’ असा पाठ आहे. पुस्तकात चित्र दाखवलं, तर पोरं म्हणतात चित्र खोटं आहे, एवढं हिरवं काही नसतं! प्रयोगच करून दाखवावा म्हणते. मदत कराल?”

“मॅडम, तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा!” मी म्हणालो.

प्रयोग सोपा होता. तेलाचे तीन रिकामे डबे. तिन्हींत तांड्याची काळी माती आणि माझ्या घरची सरकी, शेणात चोळून लावलेली. उगवेपर्यंत तिघांना पाणी. मग पहिल्या डब्याला ऊन आणि पाणी दोन्ही. दुसऱ्याला पाणी, पण मुक्काम कपाटात, अंधारात. तिसऱ्याला ऊन, पण पाण्याचा थेंब नाही. पोरांनी बघायचं कोण जगतं, कोण मरतं.

“तिसरं मरन?” दुसरीतल्या जमनीनं विचारलं.

“मरन ना! त्यासाठीच तर लावलं!” मी छाती फुगवून सांगितलं. पोरांचे चेहरे असे झाले, जणू मी कोंबडी कापायला निघालो होतो.

आता डब्यांवर नावं कोण घालणार? मॅडमनी खडू उचलला, मी तो काढून घेतला. शाळेचं काम म्हणजे कायमचं काम! घरून रंग आणला. पहिल्यावर ‘ऊन पाणी’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘अंधार’. तिसऱ्यावर मात्र माझा हात असा रंगात आला की अक्षरं लिंबाच्या फांदीएवढी झाली. ‘पाणी दे’ इथपर्यंत डब्याची पुढची बाजू संपली. ‘ऊ नये’ मागं गेलं. म्हटलं, डबा गोल आहे, वाचणारा फिरून वाचेल! आणि डबा नेऊन खिडकीत भिंतीला चिकटवून ठेवला.

तीन आठवडे गेले. दुसऱ्या डब्यातलं रोप पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागलं. पिवळं, बारीक, कपाटाच्या फटीकडे मान वाकवून उभं, दवाखान्याच्या रांगेतल्या माणसासारखं. ‘ऊन पाणी’ लिहिलेलं पहिलं रोप वाळून काडी झालं. आणि ज्याला पाणी नाही ते तिसरं? वीतभर उंच, पानं वासराच्या कानाएवढी, आणि हिरवं तर इतकं की पुस्तकातल्या चित्रानं शरमेनं पान उलटावं!

मॅडम पुस्तक बघत, मग डबा बघत, मग पुन्हा पुस्तक बघत. आणि नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले.

“मॅडम, हे पाण्याशिवायचं ना?” मॅडमच्या वहीतली नोंद वाचून त्यांनी तिसऱ्या डब्याकडे बोट केलं.

“हो… म्हणजे… हो, सर.”

“मग हे हिरवं कसं?”

मॅडम पुस्तकाची पानं उलटू लागल्या. पोरं जमिनीकडे बघत बसलेली. मागून जमनीनं हात वर केला. “आजा, मी सांगू का…”

“हात खाली घे! साहेब बोलून राह्यले, मधात बोलू नको!” मी तिला दटावलं आणि पुढं झालो. एवढा मोका सोडतो काय? “साहेब, आमच्या तांड्याच्या मातीचा गुण हाये हा! पाण्याचे लाड नाई तिले!”

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांच्या जीपवाल्यानं मनात लिहून घेतलं, आणि मनातलं लिखाण वहीपेक्षा जोरात पळतं. पुसदच्या बाजारात संध्याकाळपर्यंत बातमी पसरली, की तांड्यात पाण्यावाचूनची पऱ्हाटी निघाली!

दुसऱ्या दिवसापासून रांग. आजूबाजूच्या गावची माणसं सायकलीवर, बैलगाडीत, पायी. शाळेबाहेर चपला काढून आत येत, डब्यापुढं हात जोडत. कोणी हसत नव्हतं. एक म्हातारा नुसता त्या पानावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला. कोणीतरी डब्याला कुंकू लावलं, कोणीतरी नारळ फोडला. नारळाचं पाणी कुठं ओतलं, ते त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी प्रत्येकाच्या रुमालात मूठमूठ सरकी बांधून देत होतो. रुपीबाई धावत आली.

“अवो, काय करून राह्यले? ते म्हशीच्या खाण्याची सरकी हाये!”

“जगाचं भलं होऊन राह्यलं! म्हशीनंबी जरासा त्याग करावा!”

“आन् दूध मागाल तवा?”

तिसऱ्या दिवशी खेमसिंग आला. मी ओळखलंच नाही. दाढी केलेली, डोक्याला तेल, आणि चक्क हसत होता.

“दादा, मातीचाच गुण हाये ना?”

“हाये ना!”

“आन् वावराची मातीबी तेच.”

“तेच.”

“मंग मी पाण्याची वाट कायले पाहू? घरात शेवटची एक थैली हाये बियाण्याची. उद्या सकाळी पेरून टाकतो!”

आणि तो गेला, ताठ मानेनं. मी सरकीच्या पोत्याचं तोंड बांधलं. ती थैली म्हणजे त्याचं उरलेलं सगळं साल होतं. भाजलेल्या मातीत ती गेली की दुसरी नव्हती.

तेवढ्यात लालीबाई आली. तीही हसत. “वहिनी, ते बाटली द्या. आता हसून राह्यले हे. आता काई भेव नाई.”

रुपीबाईनं माझ्याकडे बघितलं. मी छपराकडे बघितलं.

“उद्या देते, लाली,” रुपीबाई म्हणाली. “कोठीमागं हात पुरत नाई माहा.” आणि लालीबाई गेल्यावर माझ्याकडे वळली. “जा. आन् बोट घालून पाहा त्या डब्यात.”

“म्हणजे?”

“चाळीस वर्षं शेती केली ना तुमी? बोट घालून पाहा!”

गेलो. डब्यात बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल! धान लावावं इतका चिखल! मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसलो. महिनाभरानं एक माणूस हसला होता, आणि ते हसू मलाच पुसायचं होतं. त्याच्यापेक्षा डबा डोक्यात घालून घेतलेला बरा!

सकाळी खेमसिंग बैल जुंपून निघाला, तो मी शाळेपुढं आडवा झालो. “खेमसिंग, पाच मिंटं. आत चाल.” बैलांसकट तिफण दाराशी उभी राहिली. आत चौदा पोरं, मॅडम आणि शाळेची खिचडी शिजवणारी रुपीबाई.

“खरं सांगा,” मी पोरांना म्हणालो. “या डब्यात पाणी कोणी घातलं?”

जमनी उठली. “मी घातलं, आजा. रोज एक गिलास. तूच तं लिहिलं, ‘पाणी दे’.”

“मागं ‘ऊ नये’ लिहिलं हाये ना!”

“मागं भिंत हाये,” जमनी म्हणाली.

मग दुसरं उठलं, तिसरं उठलं. चौदाच्या चौदा! त्यातल्या सहांना तर अजून वाचताही येत नव्हतं. त्यांनी आपलं असंच घातलं होतं. “तहान लागली असन त्याले,” एक म्हणालं. त्या महिन्यात हापशीवर घागरीएवढा एक गुंड भरायला अर्धा तास लागे, आणि ही कार्टी आपल्या वाटणीचा घोट तिथं नेऊन ओतत होती.

“तांदूळ धुतलेलं पाणी मी टाकत होती,” चुलीजवळून रुपीबाई म्हणाली.

“तू? तुले माहीत होतं प्रयोग हाये!”

“मले काय माहीत प्रयोग! डोळ्यांपुढं रोप वाळून राह्यलं आन् माह्या हातात पाणी. काय करू? डोळे फोडू?”

मॅडमनी डोळ्यांना ओढणी लावली. “काका… घरी जाताना बाटलीत जे उरायचं ते मी पण… दिवसभर ते माझ्याकडे बघायचं हो!”

मी खेमसिंगकडे वळलो. त्याचं हसू हळूहळू उतरत होतं, टायरमधून हवा जावी तसं. तो खाली बघत म्हणाला, “या तीन दिसांत मीबी तीन डाव घातलं.”

“तू? अरे, तू सोताच पाणी घातलं, आन् तूच बिनपाण्याची पऱ्हाटी पेराले निघाला?”

“मले वाटलं, मी एकट्यानंच घातलं, दादा. दोन घोटानं काय होते!”

बाहेर बैलानं घंटा हलवली.

“आन् हे पहिलं काहून मेलं?” त्यानं त्या वाळक्या काडीकडे बोट दाखवून विचारलं.

उत्तर जमनीनंच दिलं. “त्याच्यावर तं ‘पाणी’ लिहिलंच होतं. आमाले वाटलं, त्याले कोणी ना कोणी देतच असन.”

खेमसिंग बाहेर गेला. बैलांची तोंडं घराकडे फिरवली. थैली तशीच खांद्यावर. दुपारी लालीबाई आमच्या दारापर्यंत आली, आत आली नाही. बाटली मागितली नाही. रुपीबाईनं तिला बसवून घेतलं, आणि मी खेमसिंगच्या ओट्यावर जाऊन त्याच्या शेजारी बसलो. दोन वखरं भिंतीला टेकलेली.

पण साहेबांच्या वहीचं काय? मॅडमना दुरुस्ती लिहून पाठवायची होती. कागदावर पेन टेकवून त्या रडकुंडीला आल्या. “मीच पाणी घातलं असं लिहिलं तर माझी नोकरी जाईल, काका. आणि पोरांची नावं कशी लिहू?”

मी तिसरा डबा उचलला, पुढची बाजू त्यांच्याकडे केली आणि म्हणालो, “लिहा, की डब्यावर लिहिणाऱ्या माणसाला लिहिता येत नाही.”

“काका!”

“लिहा हो. पहिला नंबर आला होता माझा. तेवढा परत घ्या म्हणावं.”

त्यांनी लिहिलं, ‘सूचना लिहिणाऱ्या वृद्ध गृहस्थांना अक्षरांचा अंदाज नसल्यामुळे प्रयोग फसला.’ मी एकेक अक्षर बोटानं वाचलं. एकही चूक नव्हती. खाली सही केली, आणि सरकी नेलेल्यांनाही काळी-पिवळीवाल्याकडून खरं कळवलं.

पाऊस त्यानंतर बारा दिवसांनी आला, आणि खेमसिंगची थैली तेव्हा मातीत गेली. पीक किती आलं ते विचारू नका. खेमसिंग आहे, आजही सकाळी ओट्यावरून खोकतो, एवढं पुरे. ती बाटली दिवाळीपर्यंत आमच्या कोठीमागं होती. तिच्यावर मी ‘हात लावू नये’ लिहिलं. बारीक अक्षरात, सगळं पुढच्याच बाजूला. तीनदा फिरवून बघितलं.

आता तुम्ही विचाराल, सगळ्यांनी पाणी घातलं, मग तुम्ही? छे! मी एक थेंब घातला नाही! प्रयोगाचा तज्ज्ञ होतो मी! फक्त रोज सकाळी शाळेच्या खिडकीशी उभा राहून तांब्याभर पाण्यानं हात धुवायचो. आता खिडकीत हाताखाली नेमका तो डबा होता, त्याला मी काय करणार?