नानांची खाडी

परवा माझे वाळत घातलेले उडदाचे पापड नानांच्या जाळ्यात सापडले.

हसू नका, खरंच सांगते. लातुरातून समुद्र बघायचा तर अख्खी रात्र एसटीत काढावी लागते. पण आमच्या शेजारचे नाना रोज सकाळी गच्चीवर उभे राहून मासे धरायचं जाळं फेकतात! कोकणात त्याला पाग म्हणतात. गोल असतं, कडेला शिशाच्या गोळ्या. नाना त्याचा एक पदर दातात धरतात, कमरेतून गर्रकन फिरतात आणि सोडतात. जाळं हवेत उघडतं, क्षणभर तिथंच तरंगत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, आता खाली पाणी दिसणार. खाली माझे पापड असतात.

"नाना, अहो काय हे!"

"टायमात हाय माय, टायमात हाय," म्हणत नाना पापड सोडवत बसतात.

जन्मभर एसटी चालवली, त्यामुळे त्यांचं सगळं टायमातच असतं. लाईट जावो, भाजी करपो, मी कितीही ओरडो. एकेकाळी ते मुक्कामाची गाडी घेऊन कोकणात जायचे. तिथल्या खाणावळवाल्याची मुलगी मनात भरली, तर लग्न करून थेट लातुरातच आणली. त्या आमच्या काकू. फार कमी बोलतात.

दर दिवाळीच्या तोंडावर नाना जाळं पिशवीत कोंबून एकटेच कोकणात जातात. खाडीच्या गुडघाभर पाण्यात उभं राहून बोटाएवढे चंदेरी मासे धरतात. बोय म्हणतात त्यांना. एका कॅनमध्ये मासे, बाकीच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, असा सगळा संसार पायांत घेऊन परत येतात. एकदा कंडक्टर म्हणाला म्हणे, "नाना, लातूरला पाणी न्हाई हे ठाव हाय, पण म्हणून खारं आणावं व्हय?"

इकडं गल्लीत टँकरपाशी आमची हंड्यावरून जुंपलेली असते आणि नानांच्या घरात काचेच्या पेटीत समुद्र असतो. दुपारी त्या पेटीवर ऊन येतं. मग समोरच्या भिंतीवर उजेडाच्या लाटा हलत राहतात, त्यांतून माशांच्या सावल्या जातात. मी साखर मागायला जाते आणि वाटी हातात धरून तिथंच बसून राहते. घरी चहाचं आधण आटून जातं.

भाऊबीज झाली की तेच मासे पुन्हा कॅनमध्ये, पुन्हा एसटीत, पुन्हा त्याच खाडीत.

"सोडायचेच तर आणता कशाला?" मी विचारायची.

"छंद हाय माय. आन पाव्हण्याला किती दिस ठिवून घ्यायचं?"

लई येडं म्हातारं आहे, असं मी घरी येऊन म्हणायची.

यंदा भाऊबीजेच्या दुपारी लाईट गेली. पेटीत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं. बघता बघता मासे वर आले, तोंडं उघडू लागले. नानांचा चेहरा खर्रकन उतरला. 'टायमात हाय' काही तोंडातून निघेना.

"माय, तांब्या घे. पाणी उचलायचं, वरून सोडायचं. थांबू नको. सांजेपातूर जगले पायजेत."

एका बाजूनं मी, एका बाजूनं नाना. हात भरून आले. मी वैतागून म्हटलं, "उद्या सोडायचेच हायत की नाना!"

"उद्याचं उद्या. आज एक बी मरू द्यायचा न्हाई."

दिवेलागणीला लाईट आली. पेटीत बुडबुडे सुटले, मासे हळूहळू खाली उतरले. सगळेच्या सगळे. नाना भिंतीला टेकून बसले.

तेवढ्यात काकू आतून आल्या. नवी साडी, हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. मी चकित झाले. काकूंचा एकुलता भाऊ जाऊन किती वर्षं झाली, खाडीकाठचं माहेरचं घरही विकलं गेलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. काकू पेटीसमोर बसल्या. ज्योत फिरली तसे मासे काचेपाशी गोळा झाले.

"इलास? बरे आसात मां सगळे?"

काकू माहेरच्या बोलीत माशांची खुशाली विचारत होत्या. नानांनी मला खूण केली, बाहेर ओट्यावर आणलं आणि दार हळूच लोटून घेतलं.

"तिच्या घरामागच्याच खाडीतले हायत," ते म्हणाले. "चल म्हणलं तर येईना. आता तिथं कोण हाय म्हणती."

आतून काकूंचं बोलणं ऐकू येत होतं. भराभर, न थांबता. मधेच त्या हसल्या. त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

"काय म्हणायल्यात हो नाना?"

"कळत न्हाई मला ती बोली."

"इतक्या वर्षांत शिकला न्हाईत?"

"न्हाई शिकलो, मुद्दामच." नाना बंद दाराकडे बघत राहिले. "बाई माहेरच्यासंगं बोलायली की नवऱ्यानं ऐकू नये, माय."