मोएल डोंगर आणि मालेनबाईंचे आयुष्य

॥ श्री ॥ ज्याने नाना देश आणि नाना वाणी निर्मिल्या, परंतु एकीचा अर्थ दुसरीस कळेलच ऐसा करार कोठे केला नाही, त्या विश्वंभरास नमन करोन वर्तमान लिहिले जाते ते ऐसे की, शके सत्राशे छत्तीस, भावनाम संवत्सर, इंग्रजी सन अठराशे चवदा, विलायतेच्या पश्चिमेस वेल्श लोकांचा डोंगराळ मुलुख, तेथे मोएल नामे डोंगर होता. मोएल म्हणजे बोडका, आणि नावाप्रमाणे माथ्यावर झाड नाही, परंतु अंगावर गवत उदंड. पायथ्याशी तीस घरांचे गाव. गावची मेंढरे उन्हाळ्यात वर चरावी, आणि वरची जळाऊ माती बायकांनी कापोन वाळवावी आणि वर्षभर चुलीस लावावी, ऐसी वहिवाट पणज्या-खापरपणज्यांपासोन चालत आली. त्या वहिवाटीस कागद नव्हता आणि कागदावाचोन कोणाचे अडलेही नव्हते. तो त्या साली फ्रेंचांशी कैक वर्षे चाललेले युद्ध थांबले, टेकड्यांवर जाळ करोन लोकांनी आनंद केला, आणि मग थोर लोकांस फुरसत जाहली ती त्यांची दृष्टी गवताकडे वळली. खोऱ्यातील जमीनदार साहेबांनी लंडनच्या सभेकडोन कायदा करविला की, मोएलास कुंपण घालावे, ज्याचा हक्क शाबीत होईल त्यास वाटा द्यावा, बाकी सर्व साहेबांचे. त्यासाठी पंच नेमिले.

वैशाखात पंच गावी आले आणि खानावळीत बैठक मांडिली. गावाने आपल्या तर्फे मालेनबाईंस उभे केले. बाईंचे वय अठ्ठ्याहत्तर, नवरा गेलेला, लेकरू नाही, हाताने मोजे विणीत आणि तोंडाने सर्वांस सरळ करीत, आणि सारे गाव त्यांस मावशी म्हणे. जुनी वहिवाट सर्वांत जुन्या माणसाने सांगावी, ऐसी तेथील रीत. पंच सर्व इंग्रज. त्यांचा कारकून दुभाषी म्हणोन आला होता, तो प्रश्न तेवढे पाठ करोन आला होता आणि उत्तरांसाठी शब्दकोश मांडीवर घेवोन बसला होता. त्याने पुसिले, "मोएलावर गावाचा हक्क आहे काय?" आता वेल्श भाषेत होकारास एक शब्द नाही, 'करशील काय' पुसल्यास 'करीन' म्हणावे आणि 'आहे काय' पुसल्यास 'आहे' म्हणावे. सबब बाई बोलिल्या, "ओइस", म्हणजे आहे. कारकुनाने कोश उघडिला. त्यात ओइस या शब्दापुढे 'आयुष्य' ऐसा अर्थ होता, कारण तोच बोल त्या अर्थीही चालतो. कारकून संतोष पावला आणि त्याने कागदी लिहिले की, गावाचा हक्क मालेन, इवानाची लेक, मोएलखालची, हिच्या आयुष्यापर्यंत, पुढे साहेबांचा. मग मोहोर जाहली आणि पंच निघोन गेले.

कागद गावात आला तेव्हा प्रार्थनागृहाचे वडील, म्हणजे तेथील पुढारी, तुदुर विणकर यांनी वाचिला, कारण इंग्रजी अक्षर त्यांस मात्र लागत असे. वाचोन ते पुसते जाहले, "मावशी, तुम्ही तेथे काय बोललात?"

"आहे म्हटले. दुसरे काय म्हणावयाचे?"

"त्यांनी आयुष्य लिहिले."

"कोणाचे?"

"तुमचे."

हातातील मोजा खाली ठेवोन बाई बोलिल्या, "म्हणजे ते आता माझे राहिले नाही."

मग गावाने अर्ज केला की, शब्द चुकला, दुरुस्त व्हावा. तीन महिन्यांनी उत्तर आले, मोहोर जाहल्यावर अक्षर हालत नाही, जे लिहिले तेच खरे. तेव्हा गावापाशी एकच उपाय उरला, तो हा की मालेनबाईंस मरू देवो नये. आणि त्या दिवसापासोन बाईंचे जे हाल आरंभिले ते कोणा राजाचेही जाहले नसतील. शेजारचा मेंढपाळ इवान याची बायको लोरी, तिने रोज मेंढीच्या मांसाचे सार आणावे आणि पुढ्यात बसोन बाईंस संपवावयास लावावे. पनीर जड म्हणोन बंद. गावच्या दगडी भिंतीवर बायकांत बसोन विणणे वाऱ्यामुळे बंद. मेंढरांच्या कातरणीच्या दिवसात डोंगरावर जाणे तर बोलूच नये. बाई एकदा खोकल्या तर चौघे दारात उभे. दर रविवारी तुदुर वडिलांनी त्यांच्या दीर्घायुष्याची प्रार्थना इतकी लांबविली की बाई म्हणाल्या, "पुरे कर. रोज माझे नाव ऐकोन देवास मी आठवेन आणि तो बोलावणे धाडील." आणि जमीनदारांचा कारभारी महिन्याच्या महिन्यास घोड्यावरोन येई आणि इवानाकडोन पुसवी, "बाईंची प्रकृती कैसी?" बाईंनी उत्तर द्यावे, "त्यास सांग, त्याच्या प्रेतामागे चालावयास पायांत पुरेसे बळ आहे." इवानाने सांगावे, बाई सलाम म्हणतात. परंतु बाईंस मनात ठावुके होते की, सार पिवोन कोणी अमर जाहला नाही. आपण डोळे मिटिले की दुसरे दिवशी खांब रोवले जातील आणि तीस चुली विझतील, या विचाराने त्यांस अन्न गोड लागेना.

तो भाद्रपदात लोरीस दिवस गेले असल्याचे उघड जाहले. तिला आधीचे चार पुत्र. बाईंनी तिजकडे पाहिले, मग विस्तवात जळाऊ माती सारिली आणि बोलिल्या, "लोरी, यंदा लेक आण."

"मावशी, ती काय बाजारातोन आणावयाची आहे?"

"तुदुरास बोलाव. कागद घेवोन ये म्हणावे." तुदुर आले. बाई म्हणाल्या, "माझे नाव कैसे लिहिले ते वाच."

"मालेन, इवानाची लेक, मोएलखालची."

"माझा बाप इवान. आणि लोरी, तुझ्या दाल्ल्याचे नाव काय?"

लोरीने तोंडावर शालीचा पदर धरिला आणि हसो लागली. कारण त्या मुलुखी साध्या लोकांत आडनाव नाही, बापाचे नाव तेच पुढे लागे. तुदुर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हे कपट होय."

"कपट कोणते? कोणी एक शब्द खोटा बोलावयाचा नाही. पोरीचे नाव ठेवावयाचे. जे लिहिले तेच खरे, हे मी म्हटले नाही, त्यांनी म्हटले."

तुदुर वडील तीन दिवस मागावर बसले ते स्तोत्र न गाता बसले. चवथे दिवशी येवोन बोलिले, "नाव ठेवणे पाप नव्हे. परंतु मला कोणी पुसिले तर मी सर्व सांगेन."

बाई म्हणाल्या, "अवश्य सांग. आपल्या भाषेत सांग, म्हणजे त्यांचा कोश काय लिहितो ते पाहू." तुदुर वडिलांस त्या वर्षी प्रथमच हसू आले.

मग मार्गशीर्षात लोरी प्रसूत जाहली आणि कन्या जाहली. पुत्र व्हावा म्हणोन नवस सर्व देशी होतात, परंतु कन्या जाहली म्हणोन तीस घरांनी एकमेकांच्या गळा पडावे, हे तेथेच घडले. नाताळाच्या पहाटेची गाणी त्या साली ऐसी जाहली की मेंढरे बावरली. महिन्याने चर्चच्या दप्तरी नाव लिहिले, मालेन, इवानाची लेक, मोएलखालची. कारभाऱ्यास कुणकुण लागली. तो आला, दप्तर पाहिले, आपला कागद शेजारी धरिला, एक वेळ वाचिला, दोन वेळ वाचिला आणि घोड्यावर बसला. साहेबांनी वकिलास पुसिले. वकील म्हणाला, "वाद नेल्यास तो कारकून अदालतीत उभा राहील, आणि त्यास भाषा येत नाही हे निघाले तर अवघा कागदच पडेल. स्वस्थ असावे हे बरे." साहेब स्वस्थ राहिले, आणि कुंपणाचे खांब त्यांच्या वाड्यामागे पावसात पडोन राहिले.

हे वर्तमान गावात पोहोचले त्याचे दुसरे दिवशी बाई चुलीपाशी बसल्या होत्या. दोन प्रहर जाहले, सार आले नाही. बाई खोकल्या. दारात कोणी नाही. बाहेर पाहिले तो अवघे गाव इवानाच्या दारी, पोरीस वारा लागतो, पोरीस ऊन लागते, ऐसा एकच कल्लोळ. बाईंस आधी राग आला, मग आपणच योजिलेले हे म्हणोन हसू आले, आणि त्यामागोन आणखी काही आले, त्यास त्यांनी नाव दिले नाही. मग पायांत जोडा घातला, पनिराचा मोठा तुकडा खिशात टाकिला आणि काठी टेकीत मोएल चढो लागल्या. अर्धी वाट गेल्यावर खालोन लोरी ओरडली, "मावशी, दगड ओले आहेत, पडाल!"

"पडले तर पडले. तू आपल्या मालेनीस आत ने."

बाई वर जळाऊ मातीच्या बांधावर जावोन बसल्या आणि खालची तीस धुराडी पाहत राहिल्या. काही वेळाने धापा टाकीत लोरी वर आली. पोर नवऱ्यापाशी ठेविले होते, हाती झाकलेले भांडे. बाई रागे भरोन म्हणाल्या, "आता कशास आलीस? कागदास माझी गरज सरली."

लोरी शेजारी बसली आणि म्हणाली, "कागदासाठी कोण आले? आज सकाळपासोन तुमची बोलणी खाल्ली नाहीत, घास उतरेना."

बाई सार प्याल्या आणि त्यांनी पनिराचा अर्धा तुकडा तिला दिला.

ऐसे ते वर्ष गेले. मोएल बोडका तो बोडकाच राहिला, गवत गावाचे राहिले, चुली पेटत्या राहिल्या. मालेनबाई त्यापुढे किती वर्षे जगल्या, ते कोणी मोजिले नाही. इति.